गच्चीवरची छत्री : घरच्या टीव्हीसाठी डिश अँटेना कशी निवडावी आणि कशी बसवावी?



आजचा विषय जरा वेगळा आहे. पाठ्यपुस्तकात तो नाही, पण आपल्या मुलांच्या अभ्यासाशी त्याचा थेट संबंध आहे. माझा कसा आला, तेच आधी सांगते.

जुलै २०२० ची गोष्ट. शाळा बंद होत्या. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली होती. आम्ही शिक्षक वाडीवाडीवर जाऊन पालकांना सांगत होतो, "मोबाईल नसला तरी चालेल, टीव्ही लावा, मुलांना समोर बसवा." चौथीतली एक मुलगी ओट्यावर उभी राहून सगळं ऐकत होती. आम्ही निघताना हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडं टीव्ही हाय. छत्री पण हाय. पण चित्रच येत नाय."

तिचे वडील गवंडीकाम करतात. लॉकडाऊनमध्ये काम बंद. एक मेकॅनिक येऊन बघून गेला होता, पैसे घेऊन गेला आणि दोन दिवसांत चित्र परत गेलं. पुन्हा बोलवायला हातात पैसे नव्हते. मी मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला, "दादा, छत्री उंच न्या, म्हणजे सिग्नल मिळेल." त्यांनी बिचाऱ्यांनी लांब बांबू रोवून त्यावर छत्री बांधली. झालं उलटंच! वारा आला की बांबू हले आणि आधी अधूनमधून तरी येणारं चित्र पार गेलं.

चूक माझी होती. लहानपणी पाहिलेला उंच अँटेना माझ्या डोक्यात होता. ही छत्री वेगळ्या तत्त्वावर चालते, हे मला माहीतच नव्हतं. मग मी बसून ते समजून घेतलं. जे समजलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

१. जुना अँटेना आणि आजची छत्री : फरक काय?

आपल्यापैकी जे तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना कौलांवरचा तो आडव्या दांड्यांचा अँटेना आठवत असेल. त्याचं नाव यागी-उडा अँटेना. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उडा या जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात तो तयार केला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर वरळीच्या किंवा सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून असे अँटेने घराघरांवर उभे राहिले.

तिथे सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येत होता. मध्ये डोंगर, इमारत, झाडी आली की तो अडायचा. म्हणून अँटेना जितका उंच तितकं चित्र स्वच्छ. "वर जाऊन जरा फिरव रे… आलं का? … गेलं, गेलं… हां, तिथंच धर!" हा संवाद प्रत्येक घरात झालेला आहे.

आता दूरदर्शनने ते जुने अ‍ॅनालॉग मनोरे बहुतेक सगळे बंद केले आहेत. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह देशातल्या १६ शहरांत मनोऱ्यावरूनच डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण गावाकडे त्याचा उपयोग नाही. म्हणजे माळ्यावर पडलेला जुना अँटेना आता पुसूनपासून लावला तरी आपल्या गावात सह्याद्री दिसणार नाही. काही पालक अजून तसा प्रयत्न करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आज फुकट टीव्ही बघायचा सरळ मार्ग म्हणजे प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' सेवा. ती डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. इथे सिग्नल मनोऱ्यावरून येत नाही, थेट उपग्रहावरून येतो. उपग्रहाचं नाव जीसॅट-१५. आपल्या इस्रोचा हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून एरियन रॉकेटने सोडला गेला.

आता मुख्य गोष्ट. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. छत्री दहा फूट उंच नेली म्हणून एवढ्या अंतरात काय फरक पडणार? काहीच नाही. म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा :

जुन्या अँटेनाला उंची लागत होती. छत्रीला मोकळं आकाश लागतं.

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

२. उपग्रह नेमका कुठे आहे?

जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी स्वतःभोवती ज्या वेगाने फिरते, त्याच वेगाने तो तिच्याभोवती फिरतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा असतो. छत्री एकदा नीट लावली की रोज फिरवावी लागत नाही, ती याच कारणाने.

आपला महाराष्ट्र साधारण ७३ ते ८० अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेला पडला. आणि तो विषुववृत्तावर आहे, म्हणजे आपल्या दक्षिणेलाही पडला. पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली दिशा कोणती? आग्नेय! वर्गात विचारा, मुलं पटकन सांगतील. घरात आजीला विचारलं तर ती म्हणेल, "चुलीची दिशा."

नेमके आकडे हवेत म्हणून अक्षांश-रेखांशावरून मी गणित करून काढले. पहिला आकडा होकायंत्राचा आहे (उत्तर म्हणजे ०, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं). दुसरा आकडा क्षितिजापासून वर किती अंश बघायचं त्याचा आहे.

- पणजी : १२७ अंश, उंची ६१ अंश
- कोल्हापूर : १२९ अंश, उंची ६० अंश
- मुंबई : १३१ अंश, उंची ५८ अंश
- पुणे : १३२ अंश, उंची ५९ अंश
- नाशिक : १३४ अंश, उंची ५८ अंश
- छत्रपती संभाजीनगर : १३६ अंश, उंची ५९ अंश
- नागपूर : १४५ अंश, उंची ६० अंश
- गडचिरोली : १४५ अंश, उंची ६२ अंश

तुमचं गाव ज्या शहराजवळ आहे, त्याचा आकडा घ्या. उंचीचा कोन सगळीकडे ६० च्या आसपासच आहे, हे लक्षात आलं का? म्हणजे उपग्रह बराच वर आहे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो. तेवढं वर बघायचं, इतकं साधं.

३. खरेदी करताना काय बघावं?

सगळं सामान मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो, तोही एकदाच. दर महिन्याला रिचार्ज नाही. कुणी "फ्री डिशचा वर्षाचा रिचार्ज मारून देतो" म्हणत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आमच्या भागात एका घरून असे पैसे घेतले गेले आहेत.

*छत्री (डिश) :* देशावर ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. कोकणात, घाटमाथ्यावर, जिथे धो धो पाऊस पडतो तिथे जमलं तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घ्यावी. कारण गणितात आहे. छत्री किती सिग्नल गोळा करणार हे तिच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६० ऐवजी ९० म्हणजे व्यास दीडपट, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट! पत्रा पोचलेला किंवा वाकलेला नको. छत्री जमिनीवर पालथी ठेवून बघा, कड सगळीकडून सारखी टेकली पाहिजे.

*एलएनबी :* छत्रीसमोर दांडीवर बसवलेलं ते छोटं बोंडुक. छत्रीवर आदळलेल्या लहरी परावर्तित होऊन याच्या तोंडाशी एकत्र येतात. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता इतकी जास्त असते की ती साध्या केबलमधून घरात आणता येत नाही. एलएनबी ती कमी करून, सिग्नल वाढवून खाली पाठवतो. घेताना त्यावर ९७५०/१०६०० हे आकडे लिहिलेत का बघा.

*केबल :* आरजी-६ मागा. छत्रीपासून टीव्हीपर्यंत अखंड एकच तुकडा घ्या. मध्ये जोड म्हणजे पावसाळ्यात हमखास दुखणं.

*सेट टॉप बॉक्स :* एमपीईजी-४ प्रकारचा घ्या. स्वस्तातला जुना एमपीईजी-२ बॉक्स घेतला तर काही वाहिन्या दिसत नाहीत. एमपीईजी-४ वर दोन्ही प्रकारच्या दिसतात. आपल्या टीव्हीला मागे कोणती भोकं आहेत ते बघून जा. जुन्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिन लागते, नव्याला एचडीएमआय.

*जुनी छत्री असेल तर?* एखाद्या कंपनीचं कनेक्शन बंद करून छत्री तशीच गच्चीवर असेल, तर बहुतेक वेळा तीच चालते. प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी असतो, त्यामुळे दिशा मात्र नव्याने लावावी लागेल. एलएनबीवरचे आकडे तपासा. जुळत असतील तर फक्त बॉक्स विकत घ्या. निम्मा खर्च वाचला!

४. जागा कशी निवडावी?

आग्नेयेकडे तोंड करून उभे राहा. मोबाईलमधलं होकायंत्र वापरा. एक काळजी घ्या : पत्र्याच्या छपरावर किंवा लोखंडी कठड्याजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. चार पावलं बाजूला जाऊन दिशा बघा, तिकडचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून ठरवा आणि मग परत या.

आता क्षितिजापासून ६० अंश वर बघा. तिथे आंबा, नारळ, शेजारची भिंत, पाण्याची टाकी काही आडवं येतं का? एक सोपा हिशोब : छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड असेल तर ते आग्नेय बाजूला किमान ६ मीटर लांब हवं. थोडा वाव ठेवून ७-८ मीटर धरा. ५ मीटर उंच असेल तर ३ मीटर, वाव ठेवून ४. उत्तर किंवा पश्चिमेला कितीही मोठं झाड असलं तरी काही बिघडत नाही.

आणखी एक गंमत सांगते. दरवर्षी १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना सूर्य आकाशात बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. सगळ्या महाराष्ट्रात ही वेळ जवळपास सारखीच आहे. त्या वेळी अंगणात जिथे ऊन पडलंय, तिथे छत्री बसेल. जिथे सावली आहे, तिथे बसणार नाही. विषय संपला! (सूर्याकडे थेट बघायचं नाही, जमिनीवरचं ऊन बघायचं. मुलांनाही हे बजावा.)

झाड आज लहान असलं तरी ते वाढणार आहे, हेही लक्षात घ्या.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं : विजेच्या तारांपासून लांब. छत्री, तिचा पाइप किंवा तुमचा हात घसरला तरी तारेपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर हवं. आणि मोकळं आकाश असेल तर छत्री जमिनीपासून दोन-तीन फुटांवरही चालते. उगाच कौलांवर चढू नका.

५. छत्री बसवायची कशी? पायरी पायरीने

पायरी १ : पाया पक्का. स्टँड भिंतीला किंवा स्लॅबला बोल्टने घट्ट बसवा. ओळंबा लावून बघा, उभा पाइप अगदी सरळ पाहिजे. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे कोन चुकतात. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची एक कड दुसरीपेक्षा फक्त एक सेंटिमीटर पुढेमागे झाली की दिशा एका अंशाने बदलते. दोन अंश हललं की चित्र गेलंच म्हणून समजा. माझा बांबूचा सल्ला का फसला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पायरी २ : छत्री आणि एलएनबी जोडा. एलएनबीचं तोंड छत्रीकडे. मागच्या पट्टीवरचे बोल्ट हाताने फिरतील इतपतच आवळा.

पायरी ३ : केबल जोडा, पण बॉक्स बंद ठेवून. बॉक्स चालू असताना केबलमधून एलएनबीला वीज जात असते. तारा एकमेकींना चिकटल्या तर बॉक्स बिघडू शकतो. पिनमध्ये केबलची मधली तांब्याची तार सरळ बाहेर यावी आणि भोवतीच्या जाळीचा एकही केस तिला शिवू नये.

पायरी ४ : आधी उंचीचा कोन लावा. इथे सगळे फसतात. ही छत्री समोरून जिथे बघतेय असं वाटतं, त्यापेक्षा साधारण २०-२५ अंश वरचा सिग्नल ती घेते, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. म्हणून ६० अंश वरचा उपग्रह पकडायला छत्री ६० अंश मागे झुकवायची नाही, उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश झुकवायची. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर आपल्या गावाचा आकडा थेट लावा. खुणा नसतील तर मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ काठी टेकवा, काठीला कोनमापकाची सरळ बाजू लावा आणि त्याच्या मध्यबिंदूतून दोरा-वजन सोडा. काठी आणि दोरा यांच्यातला कोन ३५ च्या आसपास आला की झालं.

पायरी ५ : आता दिशा शोधा. बॉक्स चालू करून सिग्नलचा पडदा उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात : 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'. स्ट्रेंग्थ म्हणजे केबल आणि एलएनबी जोडलेत, काहीतरी येतंय. क्वालिटी म्हणजे *आपला* उपग्रह सापडलाय. स्ट्रेंग्थ ७०-८० आणि क्वालिटी शून्य असेल तर खुश होऊ नका, छत्री भलतीकडे बघतेय. वर्गात हजेरी पूर्ण आहे पण लक्ष कुणाचंच नाही, तसं ते!

एकाने टीव्हीजवळ बसावं, दुसऱ्याने छत्री हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवावी. हळू म्हणजे खरंच हळू. बोटभर सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग पुन्हा बोटभर. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईने फिरवलं तर उपग्रह समोरून निघून जातो आणि कळतही नाही. पूर्ण फेरीत काही मिळालं नाही तर कोन दोन अंश वर किंवा खाली करून परत फिरवा.

पायरी ६ : एलएनबी फिरवून बघा. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावीकडे-उजवीकडे वळवा. क्वालिटी जिथे सगळ्यांत जास्त, तिथे पकड आवळा.

पायरी ७ : बोल्ट आवळा, पट्टीवर लक्ष ठेवून. थोडा हा, थोडा तो, असे आलटून पालटून. एकच बोल्ट एकदम आवळला तर छत्री सरकते. शेवटी रंगाने किंवा खडूने पाइपवर खूण करा. पुढे वादळात छत्री हलली तर खुणेवर परत आणता येते.

पायरी ८ : वाहिन्या शोधा. 'ऑटो स्कॅन' करा. झालं!

६. पावसाळा, वीज आणि इतर दुखणी

*जोराच्या पावसात चित्र जातं :* हा बिघाड नाही. या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते आणि दाट पावसातून येताना त्या अडतात. पाऊस ओसरला की चित्र परत येतं. पावसात छत्री फिरवायला अजिबात जाऊ नका. चांगली लागलेली छत्री हलवून बसाल.

*पाऊस थांबला तरी चित्र नाही :* एलएनबीजवळच्या पिनमध्ये पाणी गेलं असेल. पिन काढा, पुसा, गंज असेल तर केबल दोन इंच कापून नवी पिन बसवा आणि वर रबरी टेप गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, भिंतीत शिरणार नाही.

*मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोज ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं :* वर सांगितलेला सूर्य आठवा. तो उपग्रहाच्या मागे आला की त्याच्या लहरींनी सिग्नल झाकला जातो. चार-आठ दिवसांत आपोआप थांबतं.

*एकच वाहिनी गेली, बाकी दिसतात :* छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात. परत स्कॅन करा.

*सगळंच गेलं :* आधी केबलची पिन, मग बोल्ट, मग झाडाची फांदी बघा. आमच्याकडे चौथं कारणही असतं, वानरं!

*वीज कडाडत असेल तर :* वळवाच्या पावसात टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा. केबलही बॉक्समधून सोडा. हे वीज कडाडण्याआधीच करायचं, कडाडायला लागल्यावर केबलला हात लावायचा नाही. गच्चीवरच्या लोखंडी स्टँडला अर्थिंग करून घ्या. ते काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच.

७. हे सगळं वर्गात कसं आणायचं?

शिक्षक मित्रांनो, एका छत्रीत किती विषय आहेत बघा. भूगोल : अक्षांश, रेखांश, उपदिशा. गणित : कोन, वर्तुळाचं क्षेत्रफळ. विज्ञान : परावर्तन, पृथ्वीचं परिवलन, उपग्रह.

मी एक उपक्रम घेते. कोनमापकाच्या सरळ बाजूला शीतपेयाची नळी चिकटवायची आणि मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला नट बांधायचा. नळीतून समोर क्षितिजाकडे बघितलं तर दोरा ९० वर असतो. ६० अंश वर बघितलं की दोरा ३० वर येतो. (सूर्याकडे नळी धरायची नाही.) मुलं हे घेऊन घरी जातात आणि आग्नेयेला बघून वहीत लिहून आणतात : "आमच्या घरी छत्री बसू शकते, कारण…" किंवा "बसू शकत नाही, कारण…". त्या 'कारण' नंतर मुलं काय लिहितात, ते वाचण्यासारखं असतं.

मोठ्या वर्गांना इतिहासही सांगा. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने 'साइट' नावाचा प्रयोग केला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत मोठ्या जाळीच्या छत्र्या लावून शिक्षणाचे आणि शेतीचे कार्यक्रम दाखवले. त्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या होत्या. आज तेच काम आपल्या हातात मावेल एवढी छत्री करते.

आणि दाखवायचं काय? सह्याद्री आहेच. शिवाय २०२० मध्ये 'पीएम ई-विद्या'खाली पहिली ते बारावी, एका इयत्तेला एक वाहिनी अशी सोय झाली. त्यातले बरेच कार्यक्रम हिंदी-इंग्रजीत असतात, म्हणून लहान मुलांसोबत कुणीतरी मोठं बसलेलं बरं. टीव्ही शिक्षकाची जागा घेत नाही, हे आपण सगळ्यांनी त्या दीड-दोन वर्षांत अनुभवलंच आहे. पण जिथे काहीच पोचत नव्हतं, तिथे तो पोचू शकत होता.

शेवटी, त्या छत्रीचं काय झालं?

सगळं समजून घेतल्यावर मी परत त्या वाडीवर गेले. कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन! आग्नेयेला ६० अंशावर पाहिलं तर घरामागचा आंबा बरोबर मध्ये. छत्री लावली तेव्हा तो लहान असणार, नंतर वाढला. वाऱ्याने फांदी बाजूला झाली की चित्र येई, फांदी परत आली की जाई. मेकॅनिक आला त्या दिवशी नेमकी फांदी बाजूला असावी. बांबूवर चढवूनही आंबा आडवा होताच, वर बांबूचं हलणं.

आंबा तोडायचा प्रश्नच नव्हता. आम्ही छत्रीच खाली आणली. गोठ्याच्या पलीकडे, जमिनीपासून तीन फुटांवर, मुलीच्या वडिलांनी वीट-सिमेंटचा छोटा खांब बांधला. गवंड्याचा हात, ओळंबा अगदी चोख! तो सुकल्यावर दुसऱ्या दिवशी छत्री बसवली. मुलगी दारातून ओरडून क्वालिटीचे आकडे सांगत होती. "शून्य… शून्य… शून्य… बाई, बावन्न!"

खर्च किती आला? चार विटा, थोडं सिमेंट आणि एक नवी पिन. एवढ्यासाठी त्या मुलीचे जवळपास तीन आठवड्यांचे भाग बुडाले होते. त्यातला एक आठवडा माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे, हे मला अजून बोचतं.

ती आता हायस्कूलला आहे. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, वाडीतल्या चार घरांच्या छत्र्या मीच लावून दिल्या."

म्हणून पालकहो, चित्र गेलं की लगेच पैसे काढू नका. आधी आग्नेयेला तोंड करा, ६० अंश वर बघा आणि स्वतःला विचारा : मध्ये काय आडवं येतंय? आणि हे बघताना मुलांना सोबत घ्या. हा लेख वाडीतल्या ज्या घरात छत्री आहे पण चित्र नाही, तिथे नक्की वाचून दाखवा.